अभियांत्रिकीच्या वर्गातील इंग्रजी आणि आपली मुले

(संस्थेच्या विद्यार्थी गुणगौरव मेळाव्यात रत्नागिरी येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



दहावी-बारावीच्या परीक्षेत उत्तम गुण मिळवलेल्या मुलामुलींचा आताच येथे सत्कार झाला. त्यांचे आणि त्यांच्याहून अधिक त्यांच्या आईवडिलांचे मी मनापासून अभिनंदन करतो. यातील पुष्कळ मुले येत्या वर्षी डिप्लोमाला किंवा डिग्रीला प्रवेश घेतील. म्हणून अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचे इंग्रजी या विषयावर मी बोलावे, असे कार्यकारिणीने सुचवले. माझी सारी नोकरी याच मुलांना इंग्रजी शिकवण्यात गेली. तेव्हा पुस्तकी पांडित्य बाजूला ठेवून, जे पाहिले आणि केले तेच आपल्यापुढे ठेवतो.

अशा समारंभात यशाची कहाणी सांगण्याची प्रथा आहे. मी मात्र सुरुवात एका अपयशाने करणार आहे. कारण त्या अपयशातला काही वाटा माझा आहे.

पुष्कळ वर्षांपूर्वी संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीतून एक मुलगा डिग्रीच्या पहिल्या वर्षाला आला. दहावीपर्यंत मराठी माध्यम, बारावी तालुक्याच्या ज्युनिअर कॉलेजात. गणितात फार चांगले गुण होते. वडील मुंबईच्या गिरणीत होते आणि गिरणी सुटल्यावर गावी परतले होते. हा मुलगा वर्गात कधी बोलत नसे. नाव पुकारले की उभा राही आणि खाली पाही. पहिल्या सत्राचा निकाल लागला तेव्हा त्याला बहुतेक विषयांत केटी लागली होती. त्यानंतर आठवडाभर तो दिसला नाही. हॉस्टेलच्या मुलांनी सांगितले की तो ट्रंक घेऊन गेला, आता मुंबईला मामाकडे राहून काम शोधणार आहे. मी पत्र पाठवले. उत्तर आले नाही.

मेकॅनिक्स शिकवणारे माझे सहकारी त्या वेळी मला म्हणाले, "पोरगा हुशार होता हो. फळ्यावर मी आकृती काढून गणित मांडून दिले की पटकन सोडवायचा. पण प्रश्नपत्रिकेतले गणित त्याला कळायचेच नाही."

बंधू-भगिनींनो, ते वाक्य माझ्या मनातून आजही गेलेले नाही. मुलाला गणित येत होते, मेकॅनिक्स कळत होते. प्रश्न वाचता येत नव्हता. आणि प्रश्न वाचायला शिकवणे हे काम कोणाचे? मेकॅनिक्सच्या शिक्षकांना वाटे, इंग्रजीच्या शिक्षकाचे. मला वाटे, हे तो शाळेतून शिकूनच आला असेल. मी वर्गात काय शिकवत होतो? संवाद म्हणजे काय, संवादाचे प्रकार किती, संवादातील अडथळे कोणते. मुले ते पाठ करीत, लिहीत आणि पास होत. अडथळ्यांची यादी फळ्यावर होती आणि अडलेला मुलगा शेवटच्या बाकावर बसला होता.

त्यानंतर मी एक केले. मेकॅनिक्सच्या जुन्या प्रश्नपत्रिका घेऊन बसलो आणि मुलांना विचारू लागलो की या प्रश्नातला कोणता शब्द तुम्हाला अडतो. उत्तरे ऐकून मी थक्क झालो. प्रश्नात लिहिलेले असते 'लाइट इनएक्स्टेन्सिबल स्ट्रिंग'. एका मुलाने 'लाइट' म्हणजे प्रकाश असे धरले होते आणि दोरीत प्रकाश कोठून आला याचा तो विचार करीत बसला होता. तेथे 'लाइट' म्हणजे वजन शून्य धरायची दोरी आणि 'इनएक्स्टेन्सिबल' म्हणजे न ताणली जाणारी दोरी. 'स्मूथ' म्हणजे गुळगुळीत एवढे सर्वांना ठाऊक होते. पण मेकॅनिक्सच्या प्रश्नात 'स्मूथ' लिहिले की घर्षण शून्य धरायचे, हा हुकूम त्या एका शब्दात आहे, हे निम्म्या वर्गाला माहीत नव्हते.

म्हणजे अडचण अवघड शब्दांची नव्हती. अडचण ओळखीच्या शब्दांची होती. 'मोमेंट' म्हणजे क्षण हे शाळेत शिकलो. अभियांत्रिकीत तो वळवण्याचा जोर होतो. 'यील्ड' म्हणजे उत्पन्न, कलमांना हापूसचे यील्ड किती आले असे आपण म्हणतो. पोलादाचे 'यील्ड' होणे म्हणजे भार काढला तरी ते पूर्ववत न होण्याइतके ताणले जाणे. 'फटिग' म्हणजे थकवा. धातूचा 'फटिग' म्हणजे पुन्हा पुन्हा भार येऊन त्याला तडा जाणे. 'स्ट्रेस' आणि 'स्ट्रेन' या दोहोंना बोलताना आपण ताणच म्हणतो. पण एक आहे क्षेत्रफळाच्या प्रत्येक एककावरचा जोर आणि दुसरा आहे मूळ लांबीच्या प्रमाणात झालेला बदल. ज्याने या दोघांत गल्लत केली त्याचे पुढचे सगळे गणित चुकले.

या सगळ्यातून एक गोष्ट मला पटली आणि तीच आज मला तुम्हाला सांगायची आहे. अभियांत्रिकीचे इंग्रजी ही जन्माने मिळणारी देणगी नव्हे. कॉन्व्हेंटमध्ये गेलेल्या मुलालाही ते वेगळे शिकावेच लागते. ते एक अवजार आहे. त्याचे भाग मोजके आहेत, ते सुटे करून दाखवता येतात आणि मराठीत विचार करणाऱ्या मुलाला ते मराठीच्या आधारानेच चांगले शिकता येतात. जे कोणी तुम्हाला सांगतात की तुमचे इंग्रजी कच्चे म्हणजे तुमची बुद्धी कच्ची, ते तुमच्यावर अन्याय करतात. आणि तुम्ही त्यांचे खरे मानले तर तुम्ही स्वतःवर अन्याय करता.

मराठी आणि तंत्रविद्या यांचे नाते काही नवे नाही. १८२३ साली मुंबईत कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस या लष्करी इंजिनिअरने एतद्देशीय मुलांना स्थापत्य व मोजणी शिकवण्यासाठी संस्था चालवायला घेतली. तेथे त्याने शास्त्रीमंडळींच्या मदतीने अंकगणित, बीजगणित, भूमितीची पुस्तके मराठीत तयार केली. म्हणजे पुण्याचे इंजिनिअरिंग कॉलेज १८५४ साली सुरू झाले, त्याच्या तीस वर्षे आधी मराठीतून ही विद्या शिकवली जात होती. ती संस्था फार काळ टिकली नाही. पुढे याच जर्व्हिसने शिक्षण मंडळात देशी भाषांची बाजू धरली आणि सर अर्स्किन पेरी यांनी इंग्रजीची. तो वाद आजही संपलेला नाही.

दुसरे उदाहरण आपल्याच कोकणातले. बाळशास्त्री जांभेकर हे पोंभुर्ल्याचे. तो भाग पूर्वी रत्नागिरी जिल्ह्यात होता, १९८१ पासून सिंधुदुर्गात आहे. ६ जानेवारी १८३२ रोजी त्यांनी 'दर्पण' सुरू केले, ते दोन रकान्यांत. एका रकान्यात मराठी, शेजारी इंग्रजी. ज्याला जी भाषा येते तीतून त्याने वाचावे आणि डोळा शेजारी गेला तर दुसरीही शिकावी. ही दोन रकान्यांची युक्ती मी पुढे माझ्या वर्गात वापरली. तिच्याविषयी थोड्या वेळाने सांगतो.

आणि तिसरे उदाहरण तर आपल्या घरचेच. मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे बाबासाहेबांचे मूळ गाव. सुभेदार रामजींनी मुलाचे इंग्रजी पक्के व्हावे म्हणून स्वतः मेहनत घेतली. बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले, १९१२ साली बी. ए. झाले, १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. हे आपण दर वर्षी ऐकतो. पण त्यातली एक गोष्ट विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानात ठेवावी. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध लंडन विद्यापीठात १९२२ साली सादर झाला, तेव्हा परीक्षकांनी तो पुन्हा लिहून आणण्यास सांगितले. एवढ्या मोठ्या विद्वानाला पुन्हा लिहिण्यास सांगितले! त्यांनी मांडणी बदलली, निष्कर्ष बदलले नाहीत, प्रबंध परत पाठवला आणि १९२३ साली डी. एस्सी. मिळवली. तेव्हा शिक्षकाने तुमचा रिपोर्ट लाल शाईने भरून परत दिला तर त्यात अपमान मानू नका. पुन्हा लिहिणे हाच लेखनाचा धर्म आहे. आणि हेही विसरू नका की लंडनमध्ये इंग्रजीत प्रबंध लिहिणाऱ्या याच माणसाने १९२० साली 'मूकनायक' मराठीत काढला होता. एका भाषेसाठी दुसरी सोडावी लागत नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. विद्यार्थ्यांनी वही काढली तरी चालेल.

पहिली गोष्ट, प्रश्नपत्रिकेची क्रियापदे. 'डिफाइन' म्हटले की व्याख्या, तेवढीच. 'डिस्क्राइब' म्हटले की कसे आहे ते सांगा. 'एक्स्प्लेन' म्हटले की का आणि कसे ते सांगा. 'डिराइव्ह' म्हटले की पायरी पायरीने सूत्र काढून दाखवा. 'कम्पेअर' म्हटले की दोन्ही गोष्टी एकाच कसोटीवर शेजारी शेजारी ठेवा. 'जस्टिफाय' म्हटले की कारण द्या, नुसते मत नको. दहा-बारा क्रियापदे आहेत. ती न कळल्यामुळे येत असलेल्या उत्तराचे गुण जाताना मी शेकडो वेळा पाहिले आहेत.

दुसरी गोष्ट, शब्दसंग्रह. डिक्शनरी पाठ करू नका. न्यूझीलंडमधील अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड या विदुषींनी विद्यापीठीय लेखनाचा अभ्यास करून २००० साली एक यादी प्रसिद्ध केली. तीत फक्त ५७० शब्दकुळे आहेत आणि विद्यापीठीय मजकुरातला सुमारे दहा टक्के भाग त्यांनीच व्यापलेला असतो. 'अझ्यूम', 'अ‍ॅनलाइझ', 'डिराइव्ह', 'सिग्निफिकंट' असे हे शब्द आहेत. ते सर्व शाखांना लागतात. रोज दोन घेतले तरी दहा महिन्यांत यादी संपते. त्यात तुमच्या शाखेचे दोनेकशे शब्द मिळवा. डोंगर वाटत होता तो प्रत्यक्षात एवढाच आहे.

तिसरी गोष्ट, शब्दांची मालगाडी. 'हाय टेन्साइल स्टील बोल्ट हेड' असे पाच शब्द सलग येतात आणि मुलगा गोंधळतो. अशा वेळी शेवटचा शब्द आधी पकडा. हेड. कशाचे? बोल्टचे. बोल्ट कशाचा? पोलादाचा. कोणत्या पोलादाचा? जास्त ताण सोसणाऱ्या. मराठीत आपण चा, ची, चे लावून जे जोडतो ते इंग्रजी नुसते शेजारी ठेवून जोडते. एवढे कळले की कोणतेही मॅन्युअल उलगडू लागते.

चौथी गोष्ट, कर्मणी प्रयोग, म्हणजे तुमचा पॅसिव्ह व्हॉइस. त्याची मुलांना फार भीती. पण आपण तो रोज वापरतो. 'बैठक घेण्यात आली', 'ठराव मंजूर करण्यात आला' असे आपल्या संस्थेच्या इतिवृत्तात लिहिलेले असते. कोणी केले यापेक्षा काय केले याला तेथे महत्त्व असते. प्रयोगाच्या जर्नलमध्येही तसेच. 'भार हळूहळू देण्यात आला' हे मनात आणा आणि 'द लोड वॉज अप्लाइड ग्रॅज्युअली' असे लिहा. ज्याने संस्थेचे इतिवृत्त वाचले आहे त्याला पॅसिव्ह व्हॉइस परका नाही. याउलट एक चूक आपल्याच मुलांकडून वारंवार होते. 'फ्लायव्हील इज स्टोअर एनर्जी' असे ती लिहितात. वाक्यात काहीतरी 'आहे' हवे असे मराठी कानाला वाटते, म्हणून 'इज' घुसतो. 'फ्लायव्हील स्टोअर्स एनर्जी' एवढे पुरे. चुकीचे मूळ कळले की चूक लवकर जाते. नुसत्या लाल रेघेने ती जात नाही.

पाचवी गोष्ट फार जबाबदारीची आहे. भारतीय मानकांच्या संहितेत, म्हणजे तुम्ही ज्याला आय. एस. कोड म्हणता त्यात, 'शॅल' लिहिले तर ते केलेच पाहिजे. 'शुड' लिहिले तर ते करावे. 'मे' लिहिले तर तसे करता येईल. आपल्या सरकारी परिपत्रकातही 'करावेच', 'करावे' आणि 'करता येईल' यांत असाच फरक असतो. हा फरक ज्याला कळला नाही तो इमारत बांधताना सक्तीची गोष्ट ऐच्छिक समजेल.

याचे रत्नागिरीतलेच उदाहरण देतो. काँक्रीटच्या आय. एस. ४५६ या संहितेच्या २००० सालच्या आवृत्तीत हवामानाप्रमाणे सळईवर किती काँक्रीट असावे ते दिले आहे. किनारपट्टीच्या वातावरणाला 'एक्स्पोज्ड', म्हणजे उघडे असलेले काँक्रीट 'सिव्हिअर' वर्गात येते आणि तेथे किमान कव्हर ४५ मिलिमीटर. किनाऱ्यावरच पण खाऱ्या हवेपासून 'शेल्टर्ड', म्हणजे आडोशाला असलेला पृष्ठभाग 'मॉडरेट' वर्गात येतो आणि तेथे ३० मिलिमीटर. एका शब्दाने पंधरा मिलिमीटरचा फरक पडतो. मांडवी, मिरकरवाडा या बाजूला फिरताना गंजून फुगलेल्या सळया आणि पोपडे सुटलेल्या गॅलऱ्या आपण पाहतोच. प्रत्येक वेळी कारण तेच असते असे मी म्हणत नाही. पण उद्या आपल्यातला मुलगा साइट इंजिनिअर होईल तेव्हा तो शब्द नीट वाचणे हा इंग्रजीच्या मार्कांचा प्रश्न राहणार नाही. त्या गॅलरीखाली कोणाचे तरी मूल खेळत असेल.

मोठ्या माणसांकडूनही अशा चुका होतात. १९९९ साली अमेरिकेच्या नासा संस्थेचे मंगळाकडे पाठवलेले यान नष्ट झाले. एका गटाने आकडे पौंडांच्या मापात दिले आणि दुसऱ्याने ते न्यूटनच्या मापात धरले. विद्वान दोन्हीकडे होते, कमतरता एका एककाच्या उल्लेखाची होती. म्हणून रिपोर्टमध्ये आकडा लिहिला की त्यापुढे एकक लिहिलेच पाहिजे. येथे मी 'शॅल' वापरतो आहे, हे लक्षात घ्या.

आता ती दोन रकान्यांची वही. पानाच्या मधोमध रेघ मारा. प्रॅक्टिकल झाले की त्याच संध्याकाळी डाव्या बाजूला आपण काय केले, काय दिसले, ते का झाले, हे आपल्या मराठीत पाच-सहा ओळींत लिहा. घरी बोलता तशा मराठीत लिहिले तरी हरकत नाही. मग उजव्या बाजूला तेच इंग्रजीत लिहा. लहान वाक्ये लिहा. एका वाक्यात एकच गोष्ट. डाव्या बाजूला जे लिहिता आले नाही ते उजवीकडे येणार नाही. तेथे तुम्हाला कळेल की अडचण इंग्रजीची नसून विषयच समजलेला नाही. आणि डावी बाजू भरली व उजवी रिकामी राहिली, तर अडचण भाषेची आहे आणि ती सुटण्यासारखी आहे. मी अनेक वर्षे मुलांकडून अशा वह्या करून घेतल्या. सगळी मुले पहिल्या वर्गात आली असे मी सांगणार नाही. पण नाव पुकारल्यावर खाली पाहणारी मुले वर पाहू लागली, एवढे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले.

सबमिशनविषयी बोलणे थोडे कडू आहे. ड्रॉइंगची जी. टी. मारणे म्हणजे काय हे समोर बसलेल्या थोरल्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. काचेखाली दिवा, वर सिनिअरची शीट आणि त्यावर आपला कागद. जर्नलच्या वाक्यांचीही अशीच जी. टी. पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. एका मुलाच्या जर्नलमध्ये मी आदल्या वर्षाच्या मुलाची तारीखसुद्धा जशीच्या तशी उतरलेली पाहिली आहे. आता काचेची गरज राहिली नाही. मोबाइलवर यंत्राला सांगितले की ते बिनचूक इंग्रजीत रिपोर्ट लिहून देते. त्या यंत्राचा उपयोगच करू नका असे मी म्हणणार नाही. तुम्ही लिहिलेले वाक्य त्याला दाखवा आणि कोठे चुकले ते विचारा. कठीण परिच्छेदाचा अर्थ मराठीत समजून घ्या. रात्री अकरा वाजता वाडीतल्या मुलाला असा शिक्षक पूर्वी मिळत नव्हता. पण त्यानेच सगळे लिहिले आणि तुम्ही नाव घातले, तर ती जी. टी.च झाली. व्हायवाला समोर परीक्षक बसलेले असतात आणि तेथे तुमच्या तोंडून तुमचेच शब्द यावे लागतात. कॅम्पस इंटरव्ह्यूला आणि उद्या साइटवरही तसेच.

व्हायवात उत्तर येत असूनही मुले गप्प बसतात, कारण वाक्य पूर्ण बरोबर झाल्याशिवाय तोंड उघडायचे नाही असे त्यांनी ठरवलेले असते. यासाठी चार वाक्ये तोंडपाठ ठेवा. प्रश्न पुन्हा विचारावा अशी विनंती करणारे एक. मी आकृती काढून सांगू का, असे विचारणारे एक. एवढे मला माहीत आहे, असे सांगणारे एक. आणि हे मला माहीत नाही, असे प्रांजळपणे सांगणारे एक. आकृती काढायला लागलात की शब्द आपोआप सुचू लागतात. उच्चार इंग्रजांसारखा नसला तरी काही बिघडत नाही. उच्चार स्पष्ट हवा, आवाज ऐकू येईल एवढा हवा.

येथे कोणी विचारेल की सर, आता तर मराठीतून इंजिनिअरिंग सुरू झाले, मग इंग्रजीचा एवढा आग्रह का? प्रश्न रास्त आहे. २०२१-२२ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने भारतीय भाषांतून पदवी अभ्यासक्रमाला परवानगी दिली आणि पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगमध्ये कॉम्प्युटर इंजिनिअरिंग मराठीतून सुरू झाले. मला याचा आनंदच आहे. स्वतः भगवान बुद्धांनी लोकांना लोकांच्या भाषेत उपदेश केला. समजण्याची भाषा आपलीच असावी. पण यंत्राबरोबर येणारे मॅन्युअल, निविदा, मानकांच्या संहिता, संशोधनाचे निबंध हे आजही मुख्यतः इंग्रजीत आहेत. समजून घ्या मराठीत, वाचायला आणि लिहायला शिका दोन्हींत. आपल्या मुलांनी फक्त मराठीत शिकावे आणि ज्यांची ऐपत आहे त्यांनी इंग्रजीत, अशी वाटणी झाली तर ती जुनीच उतरंड नव्या नावाने परत येईल. तेवढे आपण होऊ देता कामा नये.

आपल्या जिल्ह्यात हे काम करण्याची संधी आता घराजवळ आहे. १९९६ साली रत्नागिरीत फिनोलेक्स अ‍ॅकॅडमी आणि १९९८ साली देवरुखजवळ आंबव येथे राजेंद्र माने महाविद्यालय सुरू झाले. त्याआधी येथील मुलाला डिग्रीसाठी मुंबई, पुणे, सांगली, कराड गाठावे लागे. त्याच काळात कोकण रेल्वे आली, करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आणि पानवलचा उंच पूल आपल्या डोळ्यांदेखत उभे राहिले. अशा कामावर आराखडे इंग्रजीत असतात आणि प्रत्यक्ष काम करणारा मजूर आपल्या भाषेत बोलतो. या दोघांच्या मधे जो उभा राहतो तो इंजिनिअर. कागदावरचे इंग्रजी वाचून मजुराला त्याच्या भाषेत समजावणारा माणूस लागतो. वाडीतून गेलेल्या मुलाला त्यातले अर्धे आधीच येते. उरलेले अर्धे त्याला मिळवून द्यायचे आहे.

शेवटी पालकांना आणि संस्थेला माझी नम्र विनंती. पालकांनो, मुलाला किती मार्क पडले एवढेच विचारू नका. आज प्रॅक्टिकलला काय केले ते मराठीत सांग, असे विचारा. तुम्हाला इंजिनिअरिंग कळण्याची गरज नाही. तुम्हाला समजेल असे जो सांगू शकतो त्याला विषय समजला आहे. पहिल्या सत्राचा निकाल वाईट लागला तर त्याला रागावू नका आणि कामाला लावू नका. पहिले सहा महिने भाषेचे असतात, ते जाऊ द्या.

आणि संस्थेने एवढे करावे. सभागृहाची एक खोली दर रविवारी सकाळी दोन तास पहिल्या वर्षाच्या मुलांना उघडी ठेवावी. आपल्यातले जे इंजिनिअर झाले आहेत, रत्नागिरीत नोकरीला आहेत किंवा सुट्टीला मुंबई-पुण्याहून येतात, त्यांनी आळीपाळीने तेथे बसावे. जुन्या प्रश्नपत्रिका वाचाव्यात, सोडवण्याची घाई न करता फक्त वाचाव्यात आणि कोणता शब्द अडला ते मुलांना विचारावे. याला फार पैसा लागत नाही. एक फळा, खडू आणि थोडा धीर लागतो. पहिला रविवार मी स्वतः यायला तयार आहे.

संगमेश्वरकडचा तो मुलगा आज चाळिशी ओलांडून गेला असेल. तो कोठे आहे मला माहीत नाही. त्याला मी काहीच देऊ शकलो नाही. पण शेवटच्या बाकावर खाली मान घालून बसलेला मुलगा दर वर्षी नव्याने येतो, यंदाही येईल. कदाचित आज सत्कार झालेल्यांपैकीच तो एक असेल. त्याच्या बाकापर्यंत आपल्यापैकी कोणीतरी चालत गेले पाहिजे, एवढेच माझे मागणे आहे.



जय भीम.